निरंक खर्चाचा तास

खारवलीच्या हायस्कुलात इंटरनेट आलं ते सरकारच्या खर्चानं, आणि सरकारच्या खर्चानं आलेल्या वस्तूबरोबर एखादी अट येतेच. अट अशी होती की फोनचं बिल सरकार भरणार, पण आठवड्यातला एक तास गावकऱ्यांसाठी ठेवायचा. मुख्याध्यापक हरिश्चंद्र सरांनी हा तास शुक्रवारी दुपारी ठेवला. आखातात शुक्रवारी सुट्टी असते आणि खारवलीतले निम्मे बापये आखातात असतात, एवढा हिशोब सरांना येत होता.

हा तास चालवायची इशरत. खेडला जाऊन कॉम्प्युटरचा कोर्स केलेली, मानधनावर नेमलेली, मोहल्ल्यातल्या जैनबबीची सून. नवरा अरशद दोहाला क्रेन चालवायचा. इशरत मोडेम लावायची, तो किंचाळून झाला की कानाला हेडफोन लावून एकेक बाई बोलायला बसायची. तिकडून नवऱ्याचा आवाज बादलीत तोंड घालून बोलल्यासारखा यायचा. पण फुकट यायचा, त्यामुळे गोड लागायचा.

दोन वर्षं हे सुरळीत चाललं. मग मुंबईत कुणीतरी तिजोरी उघडून पाहिली असावी. पुढील आदेशापर्यंत सर्व नवीन योजनांचा निधी गोठवण्यात येत आहे, असं पत्र आलं. इशरतचं मानधन थांबलं, बिल थकलं आणि पाऊस सरता सरता टेलिफोन खात्याचा माणूस शिडी घेऊन आला. त्यानं वायर नुसती तोडली नाही, नीट गुंडाळून बाहेरच्या खिळ्याला अडकवून ठेवली. "निधी सुटला की परत जोडू," असं जाताना म्हणाला. गोठलेली वस्तू आपोआप वितळते असा त्याचा समज होता.

पुढच्या शुक्रवारी वर्ग रिकामा राहील, असं इशरतला वाटलं होतं. पण वाडीवरची गोदा आली. म्हातारीचा दादू शारजाला वेल्डर होता.

"लाइन कापलीय, गोदाबाय," इशरत म्हणाली. "काही ऐकू यायचं नाही."

"तसंही मला धड काय ऐकू येतंय?" गोदानं हेडफोन डोक्यावर चढवला. "मी सांगीन. ऐकायचं काम त्याचं हाय."

कॉम्प्युटर बंद होता. पडद्यावर फडकं होतं. त्या फडक्याकडे बघत गोदानं भातझोडणीचं सांगितलं, शेळी विकायला काढल्याचं सांगितलं, मांजर व्याल्याचं सांगितलं आणि तास भरल्यावर उठून गेली. इशरतनं तिच्याकडे पाहिलं ते आपण खुळ्या माणसाकडे पाहतो तसं, जरा माया करून.

रविवारी काशीरामच्या दुकानातल्या पीसीओवर दादूचा फोन आला. "आये, शेळी इकू नको. गाभण हाय ती."

शेळी गाभण असल्याची शंका गोदाला होती, पण ती तिनं अजून कुणालाच सांगितली नव्हती.

खारवलीनं या गोष्टीचा फार बोभाटा केला नाही. जी गोष्ट फुकटात होते तिची चौकशी करायची नसते, हे गावाला चांगलं कळत होतं. पुढच्या शुक्रवारी सहा बायका आल्या, त्याच्या पुढच्या शुक्रवारी रांग लागली. अलीशेठची सून रुबिना तर बुरख्याच्या आत नवी ओढणी घालून आली. सगळ्या एकेक करून त्या फडक्यासमोर बसायच्या, बोलायच्या, मध्येच थांबून मान हलवायच्या आणि रविवारी पीसीओवर त्यांची उत्तरं यायची. जांभ्या दगडाची ती खोली भर दुपारीही ओलसर असायची. मोडेमचे दिवे विझलेले असायचे. बायका गेल्यावर इशरत हेडफोन उचलून ठेवायची, तर कानाचा स्पंज ऊबदार लागायचा. नुकतंच कुणी उठून गेलं तर लागणारच, असं ती स्वतःला सांगायची. मग एकदा सोमवारी सकाळी कुलूप उघडून तिनं तो हातात घेतला, तेव्हाही तो ऊबदार होता. त्यानंतर ती तो रुमालानं उचलू लागली.

हरिश्चंद्र सर मात्र खुशीत होते. त्यांनी जिल्ह्याच्या ऑफिसला अहवाल धाडला आणि इशरतला वाचून दाखवला. "सामाजिक तास नियमित सुरू. लाभार्थी समाधानी. दूरध्वनी खर्च निरंक."

"सर, लाइनच नाही तर खर्च कुठून होणार?"

"तेच तर लिहिलंय, निरंक! अहो इशरतबाई, रकान्यात निरंक दिसलं की साहेबाला झोप चांगली लागते. निधी सुटला की पहिलं नाव आपलं बघा."

 इशरतला मानधन हवं होतं, आणि लाइन त्याहून जास्त हवी होती. कारण तोवर रुबिनाची भानगड झाली होती.

झालं होतं असं. रुबिनाची नणंद माहेरपणाला येऊन राहिली होती. शुक्रवारी मशिनसमोर बसून रुबिनानं नवऱ्याला, अद्नानला, सगळं गोड गोड सांगितलं. आपा आल्यात, घर भरल्यासारखं वाटतंय, वगैरे. रविवारी अद्नानचा फोन आला.

"माझी बहीण जाईल गो चार दिवसांनी," तो म्हणाला. "तिचे घास मोजू नको."

रुबिना पीसीओच्या केबिनमधून बाहेर आली ती पांढरीफटक. थेट इशरतकडे गेली. "मी ते बोलले नव्हते, इशरत. अल्लाकसम. कुणाजवळच नाही बोलले. नुसतं मनात आलं होतं."

"तिथं बसली असताना?"

"तिथं बसलीवती तेव्हाच. तिनं सकाळी चौथी भाकरी घेतलेली आठवली, एवढंच."

म्हणजे ते मशिन बोललेलं पोचवतच नव्हतं, जे मनात यायचं ते पोचवत होतं. एकीनं दुसरीला सांगितलं, दुसरीनं तिसरीला. रांग पुढच्या शुक्रवारी अर्ध्यावर आली. ज्या राहिल्या त्या एक तर गोदासारख्या, ज्यांच्या पोटात आणि ओठात फरक करायला कधी सवड मिळाली नव्हती, नाही तर ज्यांनी न येणं म्हणजेच कबुली ठरलं असतं अशा. या दुसऱ्या तऱ्हेच्या बायका फार सांभाळून बसत. डोळे मिटून, ओठ दाबून, डोक्यावर भरलेली घागर असल्यासारख्या.

इशरत अजून एकदाही बसली नव्हती. मशिन चालवणारीनं कशाला बसायचं, अशी तिची सबब होती. आता तिला कळलं की ती सबब फार दिवस पुरायची नाही.

अरशद वाईट माणूस नव्हता. वाईट असता तर हिशोब सोपा होता. निकाहनंतर तो दोन रजांपुरता घरी आला होता. दोन्ही वेळा अत्तर, कपडे आणि पोटाचा विकार घेऊन. तो हात उगारायचा नाही, टाकून बोलायचा नाही. पण तो नसताना इशरतनं खाट खिडकीपाशी ओढून घेतली होती, आणि तो आल्यावर त्यानं ती, एक शब्द न बोलता, परत भिंतीला लावली होती. तो गेल्यावर तिनं ती पुन्हा खिडकीपाशी ओढली. त्या रात्री वाऱ्यावर पडल्या पडल्या तिला जे वाटलं, ते तिनं स्वतःलासुद्धा पूर्ण वाक्यात कधी सांगितलं नव्हतं. तो आता येत्या बकरी ईदला कायमचा परतणार होता. आणि तो येऊ नये, असं तिला वाटत होतं.

चालू फोनवर माणसाला खोटं बोलायची सोय असते. "कधी येताय? वाट बघतेय," असं ती पीसीओवर दर वेळी बिनदिक्कत म्हणायची. सरकारनं अनुदान थांबवलं आणि खारवलीतल्या बायकांची शुक्रवारची नेमकी हीच सोय बंद पडली.

डिसेंबरात बातमी आली की निधी थोडा थोडा सुटतोय. खेडच्या एका शाळेची लाइन जोडली, गुहागरकडच्या दोघांची जोडली. इशरत रोज बाहेरच्या खिळ्याकडे बघायची. मग एक दिवस सरांनी तिला ऑफिसात बोलावलं. त्यांच्या हातात पत्र होतं आणि चेहरा उतरलेला होता.

"आपला अहवाल साहेबांना फार आवडला," ते म्हणाले. "आदर्श म्हणून इतर शाळांना फिरवलाय."

"मग?"

"मग काय! लिहिलंय, तुमच्या शाळेनं सदर तास निरंक खर्चात यशस्वीपणे चालवून दाखवला आहे, सबब तुम्हांस अनुदानाची आवश्यकता दिसत नाही. आपलं नाव यादीतनं काढलं."

"सर, म्हणजे आता कधीच..."

"माझ्या उभ्या नोकरीत निरंक लिहून कुणाचं वाईट झालेलं मी पाहिलं नव्हतं हो," सर खिन्नपणे म्हणाले. "साहेब खूश झाले. जरा जास्तच झाले."

त्या संध्याकाळी जैनबबीनं भाकरी थापता थापता विषय काढला.

"अरशद तारीख सांगत नाय. फोनवर नुसतं हां-हूं करतो."

"काम असेल, अम्मी."

"काम सगळ्यांनाच हाय. अख्खा गाव त्या मशिनवर बसून झाला. शाळेची किल्ली तुझ्या कमरेला, आणि तूच तेवढी नाय बसलीस." भाकरी तव्यात पडली. "बायकोच्या मनातली ओढ पोचली तर पोरगा उडत येईल. येत्या शुक्रवारी तू बसायचं. मी येते तुझ्यासंगती."

म्हातारीच्या बोलण्यात काही काळंबेरं होतं की नव्हतं, हे इशरतला सांगता आलं नसतं. जैनबबीचा चेहरा सुक्या बोंबलासारखा होता, त्याच्यावरून आतलं काही कळत नसे. नाही म्हणायला जागा नव्हती. लाइन येणार असती तर "जरा थांबूया, आवाजच ऐकू" असं म्हणून महिना काढता आला असता. पण ते दार सरांनी बंद करून टाकलं होतं.

इशरतनं आठवडाभर मन गप्प बसवायचा सराव केला. ते जमेना. मन रिकामं करायला बसलं की जे लपवायचं तेच आधी येऊन पुढ्यात बसायचं. मग तिला वाटलं, रिकामं नको, भरलेलंच ठेवावं. शाळेत पाठ केलेलं काहीतरी, ज्याला लक्ष पुरवावं लागतं असं. कुराणातली आयत तर नको, ती झोपेतही चालते आणि मन मोकळं सुटतं. एकोणतिसाचा पाढा बरा. तो तिला नीट येत नव्हता.

शुक्रवारी ती खुर्चीवर बसली. जैनबबी मागे उभी राहिली आणि तिनं सुनेच्या खांद्यावर हात ठेवला. दाराशी रुबिना आणि गोदा आपली पाळी धरून उभ्या होत्या. इशरतनं रुमाल न घेता हेडफोन उचलला. तो गरम होता, तापल्या माणसाच्या कपाळासारखा. तिनं तो कानांवर बसवला.

"बोल," मागून सासू म्हणाली.

"अस्सलामु अलैकुम," इशरत मोठ्यानं म्हणाली. "सगळे खुशाल आहेत. अम्मी तुमची वाट बघतायत." आणि आत तिनं सुरुवात केली. एकोणतीस एके एकोणतीस. एकोणतीस दुणे अठ्ठावन्न. एकोणतीस त्रिक सत्त्याऐंशी.

आधी काहीच नव्हतं. शिंपला कानाला लावल्यावर येते तेवढी गाज होती. चोक एकशे सोळा, पाचा एकशे पंचेचाळीस. मग त्या गाजेच्या खाली तिला कुणीतरी पुटपुटल्यासारखं वाटलं. आपलाच पाढा घुमत असेल, म्हणून ती पुढे गेली. पण ती सहावर होती, आणि ते पुटपुटणं सातावर होतं. एकोणतीस साते दोनशे तीन. एकोणतीस आठे... तिथं ते अडलं, मागे गेलं, पुन्हा साते दोनशे तीन.

चाल याच शाळेची होती. आवाज अरशदचा होता.

 इशरतनं कान दिला तशी ती गाज फुटत गेली, आणि तिच्यातून आणखी आवाज निघाले. अरशद एकटा नव्हता. त्याच्या पलीकडे कुणीतरी दापोली ते खेड एसटीचे थांबे घोकत होता, खेड आलं की परत दापोलीपासून. कुणी एकच दुआ पुन्हा पुन्हा म्हणत होता, कुणी होड्यांची नावं. एकाचं नुसतंच चाललं होतं: वेल्डिंगचा रॉड, वेल्डिंगचा रॉड, वेल्डिंगचा रॉड. खारवलीतले सगळे बापये दूर तिकडे कुठंतरी आपापल्या खाटेवर डोळे मिटून पडलेले असणार. त्यांना पहिल्या शुक्रवारपासून कळलं होतं. वायर दोन्ही बाजूंनी उघडी होती, आणि ते सगळे मिळून आपापली मनं झाकत होते.

काय झाकत होते, कुणास ठाऊक. एकोणतिसाच्या पाढ्याखाली झाकावं लागेल असं अरशदजवळ काय होतं, याचा विचार इशरतच्या मनात आला, आणि तिचा पाढा सुटला.

सुटला तो सुटलाच. त्या उघड्या पडलेल्या जागेतून ते वाक्य निघून गेलं, पहिल्यांदाच पूर्ण होऊन. येऊ नका. मला तुम्ही इथं नको आहात.

पलीकडे सगळं थांबलं. थांबे थांबले, दुआ थांबली, रॉड थांबला. अख्खा गाव तिच्याकडे बघत असल्यासारखी ती शांतता होती. तिला श्वास ऐकू येत होते, कितीतरी. खांद्यावरचा सासूचा हात तेवढा जड झाला होता.

मग एकच आवाज पुन्हा सुरू झाला. अगदी हळू, पहिलीतल्या पोराला सांगावं तसा, मधे जागा ठेवत. एकोणतीस एके एकोणतीस. आणि थांबला. तिनं धरावं म्हणून थांबला, हे कळायला तिला एक क्षण लागला. मग तिनं मनातल्या मनात म्हटलं, एकोणतीस दुणे अठ्ठावन्न. तो म्हणाला, त्रिक सत्त्याऐंशी. असं करत दोघं आठापर्यंत आली. तो तिथं पुन्हा अडला, तेव्हा तिनं सांगितलं. दोनशे बत्तीस.

बाकीचे एकेक करून परत आपल्या घोकण्याला लागले, आणि सगळ्याची पुन्हा गाज झाली.

"काय म्हणतो?" जैनबबीनं विचारलं.

इशरतनं हेडफोन काढला. तिचे कान भाजल्यासारखे लाल झाले होते.

"ऐकू कुठं येतं, अम्मी? पण मला वाटतं या ईदला त्यांना जमायचं नाही."

 "रविवारी कळेल," जैनबबी म्हणाली.

रविवारी पीसीओसमोरच्या बाकावर बायका नेहमीसारख्या बसल्या होत्या. फोन वाजायचा, काशीराम नाव पुकारायचा, ती आत जायची. पहिली रुबिना गेली. बाहेर आली तेव्हा तिनं इशरतकडे विचित्र नजरेनं पाहिलं.

"अद्नाननं तुझी चौकशी केलीन," ती म्हणाली. "इशरत बरी आहे ना, म्हणून. तुला तर तो ओळखतसुद्धा नाही गो."

"असेल सहज."

दुसरी आत गेली, बाहेर आली. "इशरत, आमच्याकडनंपण तुला विचारलान." तिसरीनं जाताना इशरतच्या डोक्यावरून हात फिरवला आणि का फिरवला ते तिलाही सांगता आलं नाही. मग गोदा. "दादू म्हणत व्हता, इशरतबाय बरी हाय ना? जेवती ना येळेवर? मी म्हटलं, मेल्या, आयशीला आधी इचार!"

बाकावरच्या बायका हसल्या, पण हसू बाकाच्या टोकापर्यंत पोचलं नाही. जैनबबी हसली नाही. ती एकेकीचं तोंड बघत होती.

एकाही पुरुषानं घरी काही सांगितलं नव्हतं. इशरतनं मनात ताळा केला: जितके आवाज तिकडे थांबले होते, तितक्या घरांत आता हे ठेवलेलं होतं, आणि ते कोण केव्हा बाहेर काढील हे तिच्या हातात नव्हतं. बदल्यात तिच्याकडे त्यांचं काय होतं? एसटीचे थांबे.

"जैनबबी, दोहा!" काशीराम ओरडला.

केबिनमध्ये दोघी कशाबशा मावल्या. जैनबबीनं फोन कानाला लावला, हां हां म्हणत राहिली. "या ईदला नाय?" ती म्हणाली. "कंपनी सोडत नाय म्हणजे काय? बरं. बरं. घे, बोल तिच्याशी." फोन देताना तिनं सुनेचं मनगट धरून ठेवलं, सोडलं नाही.

"हॅलो," इशरत म्हणाली.

"कशी आहेस?" अरशदनं विचारलं. लाइन स्वच्छ होती. तो दारामागे उभा असल्यासारखा जवळ वाटत होता.

"मजेत. तुम्ही?"

"मजेत."

मग दोघांपैकी कुणीच काही बोललं नाही. आलेल्या फोनलाही काशीराम मिनिटामागे पैसे घ्यायचा, आणि त्याच्या घड्याळाचे लाल आकडे पळत होते. काशीरामनं काचेवर टकटक करून आकड्यांकडे बोट दाखवलं. इशरतनं मान हलवली, पण फोन ठेवला नाही. तिकडे अरशदनंही ठेवला नव्हता. सासूची बोटं तिच्या नाडीवर होती, आणि त्या स्वच्छ, पैसे मोजून घेतलेल्या लाइनीत एखादी गाज येते का, म्हणून इशरत कान देऊन उभी राहिली.